पाय मामाचा, तडजोड गावाची

जळगावात सकाळी मेहरूण तलावाकडं गेलात तर हेल्मेट, गॉगल, पॅडवाली चड्डी घातलेले सायकलवाले दिसतात, त्यात कधीमधी मीपण असतो. ग्रुपवर कुठल्या अपघाताची बातमी आली की तासभर सगळे हळहळतात, मग कोणीतरी नवीन टेललाइटचा फोटो टाकतो आणि विषय संपतो. पण खानदेशातले खरे सायकलवाले आम्ही नाहीच. खरे सायकलवाले म्हणजे पहाटे दोन बाजूला दोन किटल्या अडकवून डेअरीवर जाणारे, कापसाच्या जिनिंग मिलच्या रात्रपाळीवरून परतणारे वॉचमन, मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलवर तीन-चार किलोमीटर शाळेत जाणाऱ्या पोरी, आणि वावरात जायला अजून सायकलच काढणारे साठीतले बाबा. ह्यांच्या सायकलला टेललाइट नसतो, हेल्मेटचा तर विषयच नाही. आणि ह्यांना काही झालं तर कुठल्या ग्रुपवर बातमीही येत नाही.

माझा मामा त्यातला. सख्खा नाही, आईचा चुलतभाऊ, पण आमच्याकडं असला फरक कोणी करत नाही. पारोळा-अमळनेर पट्ट्यात गाव आहे, दोन म्हशी, थोडी कोरडवाहू, आणि घरचं-शेजारचं दूध गोळा करून डेअरीवर घालायचं काम. कापसाचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात, दोन्ही बाजूंनी कापूस फुगून बाहेर आलेला, मागचं पुढचं कोणाला काही दिसत नाही. असल्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला एक कार उजवीकडं निघाली आणि समोरून मामा आला. त्याच्या बाजूनं, साइडपट्टीला धरून.

समोरासमोरची धडक मागून बसलेल्या धडकेपेक्षा वाईट का असते ते सोपं आहे, दोघांचा वेग एकमेकांत मिळतो. कार सत्तरनं आणि सायकल पंधरानं म्हणजे पंच्याऐंशीची धडक, त्यात एकीकडं टनभर लोखंड आणि दुसरीकडं माणूस. सायकलवाला आधी बॉनेटवर, मग काचेवर, मग रस्त्यावर. मामाचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, मनगट गेलं, दोन दात पडले. डोकं वाचलं, ते कसं वाचलं कोणाला माहीत नाही.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी कारवाल्याला व्हिलन करतोय. कारवाला पळाला नाही. पोरगाच होता, पुढच्याच गावचा, सोयऱ्यांच्या सोयऱ्यातला निघाला. त्यानंच मामाला मागच्या सीटवर आडवं केलं आणि गावाबाहेरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं काउंटरवर विचारलं काय झालं, तर तो म्हणाला सायकल स्लिप होऊन पडले. घाबरून म्हणाला, का बापानं फोनवर सांगितलं म्हणून म्हणाला, देव जाणे. दवाखान्यानं तेच लिहिलं. त्यांनाही पोलिसांची भानगड नकोच होती.

एवढं एक वाक्य. नंतरचं सगळं रामायण त्या वाक्याचं आहे.

कारण अपघाताच्या क्लेममध्ये विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी काय बघतो, तर पेशंट पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेला तिथल्या केसपेपरवर काय लिहिलंय. सायकलवरून पडले असं लिहिलं असेल तर त्याचं म्हणणं तयार, की बघा साहेब, कार आलीच नव्हती, पैशासाठी मागाहून गाडी घुसवली. आणि खरं सांगायचं तर असले बोगस क्लेम होतात, त्यामुळं त्याचा संशय अगदीच हवेतला नसतो, पण त्यात खरा माणूस भरडतो. म्हणून दवाखान्यात कोणीतरी शुद्धीवरच्या माणसानं उभं राहून सांगायला पाहिजे की कारनं उडवलंय, गाडीचा नंबर हा, एमएलसी करा. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, ती झाली की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, आणि तो कागद नंतर कोणाच्या बापाला बदलता येत नाही.

मी अकाउंटचं काम करतो, त्यामुळं घरात कागदाचा विषय निघाला की मला पुढं ढकलतात. फोन आला तोपर्यंत मामाला जळगावला हलवलेलं होतं. तिथं पोचल्यावर मामी बाकड्यावर बसलेली, तिला म्हटलं पोलिसात तक्रार दिली का, तर ती म्हणाली, "भाऊ, आम्हले कोनासंगे वैर करानं नही. पाय बरा व्हयी जावो, बस." आणि पलीकडच्या बाकड्यावर त्या पोराचा बाप बसलेला, थर्मासमधून तिलाच चहा ओतून देत होता. ह्या माणसाविरुद्ध तक्रार द्या म्हणून मी मामीला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

आपल्याकडची खरी अडचण इथंच आहे असं मला वाटतं. लोकांना कायदा माहीत नाही हे आहेच, पण कायदा माहीत असला तरी तो समोरच्या बाकड्यावरच्या माणसाशी भांडण म्हणूनच दिसतो. आणि खेड्यात भांडण परवडत नाही. उद्या त्याच्या वावरातून पाइपलाइन न्यायची असते, त्याच्या भाच्याला आपल्या गावची पोरगी दिलेली असते, सोसायटीच्या निवडणुकीत एकाच पॅनलला असतात.

दोन दिवसांनी बैठक झाली. गावातले एक तात्या आहेत, अशा बैठकांना तेच असतात, आणि माणूस वाईट नाही, गावातली कितीतरी भांडणं त्यांनी कोर्टाच्या पायरीआधी थांबवलीत. त्यांनी मांडलं की पोरगं जॉबला लागायचं आहे, केस झाली तर पोलीस व्हेरिफिकेशनला अडकेल, पोराच्या घरच्यांनी ऑपरेशनचा अर्धा खर्च आणि वर साठ हजार द्यावेत आणि कागद लिहून मिटवून टाकावं. सगळ्यांनी माना हलवल्या. मामा सलाइन लावून पडलेला, त्याचा एकच मुद्दा, "मी ते मन्ही साईडलेच व्हतू ना भो." त्याला पैशापेक्षा चूक कोणाची हे कोणीतरी मोठ्यानं म्हणावं असं वाटत होतं, आणि नेमकं तेच कोणी म्हणत नव्हतं.

मी विचारलं गाडीचा इन्शुरन्स आहे का. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की ह्याला आत्ता गाडीची पडलीय. पोराचा बाप म्हणाला आहे की, फुल आहे, पण त्यात आमच्या गाडीचा खर्च निघेल, ह्यांच्या पायाचा काय संबंध.

म्हणजे बघा, दरवर्षी प्रीमियम भरणाऱ्या माणसाला माहीत नाही की तो प्रीमियम कशासाठी भरतोय. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्याच्या कलम १४६ प्रमाणं थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, आणि थर्ड पार्टी म्हणजे माझा मामा. गाडीमुळं तिऱ्हाइताच्या जिवाला, शरीराला जे नुकसान होईल त्याची भरपाई विमा कंपनीनं द्यायची, आणि त्याला वरची मर्यादा नाही. वस्तूच्या नुकसानीला आहे, कारसाठी साडेसात लाख, पण माणसाच्या नुकसानीला नाही, कोर्ट ठरवेल तेवढी. पोरगा खिशातून साठ हजार देत होता आणि ज्या कंपनीनं द्यायचं तिला कोणी पत्रसुद्धा टाकलं नव्हतं. पॉलिसी चालू आहे का हेही लपून राहत नाही, एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि तारीख दिसते. मी तिथंच टाकून दाखवलं.

त्यावर मामाचाच प्रश्न आला, जो मी नंतर कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकला. की मनाकडं लायसन नही, सायकलना इन्शुरन्स नही, मले कोन देई? तर सायकल ही कायद्यानं मोटार वाहनच नाही. तिला लायसन लागत नाही, विमा लागत नाही, आणि हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवाल्याला आहे, सायकलवाल्याला नाही. क्लेम मागायला आपल्याकडं काही असावं लागत नाही, समोर मोटार असली आणि तिच्या वापरातून दुखापत झाली की बस.

तात्या जरा नाराज झाले पण ऐकून घेतलं. एवढं म्हणाले की पोलीस केस झाली तर पोरगं आत जाईल. तेही तसं नाही. निष्काळजीपणानं गाडी चालवून गंभीर दुखापत, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेत कलम २८१ आणि १२५, १ जुलै २०२४ च्या आधी हेच आयपीसीचं २७९ आणि ३३८ होतं, ह्यात जामीन पोलीस ठाण्यातच होतो. ती फौजदारी केस वेगळी चालते आणि भरपाईचा दावा वेगळा. फौजदारीत पोरगा सुटला तरी दावा पडत नाही, कारण तिथं शंकेला जागा न ठेवता सिद्ध करायचं असतं आणि क्लेम कोर्टात फक्त जास्त शक्यता कुणीकडची एवढंच बघतात. सुप्रीम कोर्टानं बिमला देवीच्या केसमध्ये २००९ ला हे स्वच्छ सांगितलंय. पण पोलिसांत नोंदच नसेल तर क्लेमला पाय कुठं ठेवायचा? म्हणून एफआयआर. पोराला शिक्षा व्हावी ही मामीची काय माझीपण इच्छा नव्हती, आणि हे मी त्याच्या बापासमोरच बोललो. तो काही बोलला नाही पण दुसऱ्या दिवशी पॉलिसीची झेरॉक्स त्यानंच आणून दिली. मला वाटतं बैठकीतला सगळ्यात शहाणा माणूस तोच निघाला.

एफआयआर चार-पाच दिवस उशिरा झाली. ठाण्यात आधी हद्दीवरून घोळ, की ती जागा आमच्यात येत नाही. आता झिरो एफआयआर कायद्यातच आहे, कुठल्याही ठाण्यानं लिहून घ्यायचं आणि मग पाठवायचं, पण हे काउंटरवर म्हणायला जरा दम लागतो. उशिराचं एवढं टेन्शन घेऊ नका असं वकिलांनी सांगितलं, घरचा माणूस दवाखान्यात असताना लोक आधी ठाण्यात पळत नाहीत हे कोर्टालाही कळतं, सुप्रीम कोर्टाचा २०११ चा रवी विरुद्ध बद्रीनारायण म्हणून निकालच आहे तसा. फक्त उशीर का झाला ते फिर्यादीत लिहिलेलं पाहिजे.

समोरासमोरच्या धडकेत सगळ्यात मोठा वाद असतो कोण कोणाच्या बाजूला होता. विमा कंपनी ठरलेलंच म्हणते, दोघेही मधोमध होते, दोघांची चूक, निम्मे कापा. निष्काळजीपणात वाटा निघाला की तेवढे टक्के भरपाई कमी होते, हे खरंच आहे. म्हणून रस्त्यावरच्या खुणा जीव की प्राण. काच कुठं पडली, दूध कुठं सांडलं, ब्रेकची रेघ कुठून कुठं गेली, हे घटनास्थळ पंचनाम्यात आलं पाहिजे, मोजमापासकट. आमच्या केसमध्ये पंचनामा उशिरा झाला तरी हेडलाइटच्या काचा मामाच्या साइडपट्टीच्या मुरमात रुतलेल्या मिळाल्या, रस्ता कोणी झाडत नाही ह्याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. कारचा फुटलेला हेडलाइट उजवा होता, ड्रायव्हरच्या बाजूचा, ते आरटीओच्या इन्स्पेक्टरच्या रिपोर्टात आलं. आता विचार करा, मामा राँग साइडनं कारच्या डाव्या कडेला असता तर डावा फुटला असता. नुसत्या हेडलाइटवरून सगळं ठरत नाही, कारण सायकल मध्यरेषा ओलांडून आली असती तरी उजवाच फुटला असता, पण उजवा हेडलाइट आणि त्याच्या काचा मामाच्या साइडपट्टीत, हे दोन्ही एकत्र ठेवलं की कार कुठं होती ते आपोआप बोलतं.

आणि सायकल. मामाचा धाकटा भाऊ ती भंगारवाल्याला द्यायला निघाला होता, घरात अपशकुनासारखी कशाला म्हणून. मी म्हटलं हात लावू नको. पुढचा फोर्क मागं वाकून फ्रेमला टेकलेला, पुढचं चाक पापडासारखं मुडपलेलं, मागचं चाक मात्र सरळ. स्लिप होऊन आडव्या पडलेल्या सायकलचं हँडल वाकतं, पेडल घासतं, फोर्क असा मागं जात नाही. तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, फोर्कवर कारचा पांढरा रंग लागलेला तोही काढला. दवाखान्यातल्या त्या एका वाक्याला उत्तर म्हणून आमच्याकडं ही सायकल होती.

ट्रॅक्टरवाला हा दुसरा साक्षीदार. तो थांबला, बघितलं, आणि निघून गेला, कारण साक्षीदार झालं की तारखा खाव्या लागतात ही भीती. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची, साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. चांगलंच आहे ते. पण आमची अडचण उलटी होती, आम्हाला तो साक्षीदार हवा होता. शेवटी कोणत्या जिनिंगला त्या दिवशी कोणाचा कापूस उतरला ते विचारत विचारत मामाच्या भावानं त्याला शोधला, आणि तो आला, पोलिसांना जबाब दिला. रस्त्याच्या कडेच्या पेट्रोलपंपाचा कॅमेरा होता पण तोपर्यंत त्यातलं पुसून नवीन चढलं होतं. ते पहिल्या दोन-चार दिवसांतच मागायचं असतं.

वकील शोधणं हे वेगळंच प्रकरण. जळगावात मामा ॲडमिट असतानाच दवाखान्याच्या गेटवर एक जण भेटला, कार्ड दिलं, म्हणाला काही खर्च नाही, मिळतील त्यातले तीस टक्के. अमेरिकेत हे उघड चालतं, वकील जाहिराती करतात, जिंकलो तरच फी, साधारण तिसरा हिस्सा, सायकलवाल्यांच्या अपघाताचे स्पेशल वकील असतात. आपल्याकडं बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि निकालावर ठरणारी फी किंवा मिळालेल्या पैशात हिस्सा घेता येत नाही. प्रत्यक्षात टक्क्यांवर बोलणी होतात हे कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही माहीत आहे. मला त्यात नैतिक वगैरे बोलायचं नाही, ज्याच्याकडं सुरुवातीला द्यायला पाच हजार नाहीत तो टक्क्यांवरच जाणार. पण गेटवरचा माणूस वकील नव्हताच, एजंट होता, आणि तो कोऱ्या वकीलपत्रावर सही मागत होता. सही दिली नाही.

फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बायका, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, ह्यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर. १५१०० नंबरवर फोनही लागतो. मी काही लोकांना सांगितलं तर म्हणाले फुकटचा वकील काय कामाचा. असतात काही कामाचे, नसतात काही, पैसे देऊन घेतलेल्यांचंही तसंच असतं. आम्ही ओळखीतल्या एका बाई वकील आहेत त्यांच्याकडं गेलो, ज्या गेली कित्येक वर्षं क्लेमच्याच केसेस करतात, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला अपघाताची तारीख काय.

कारण आता सहा महिन्यांची अट आहे. १९९४ ला ही मुदत काढून टाकली होती, पंचवीसहून जास्त वर्षं लोक कधीही दावा करायचे. २०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आली, १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, कलम १६६ च्या पोटकलम ३ मध्ये. अपघातापासून सहा महिने. त्या अटीविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका आहेत, पण त्यांच्या भरवशावर बसू नये. गावच्या तडजोडीचा सगळ्यात मोठा धोका मला इथं दिसतो. आधी दोन महिने ऑपरेशनमध्ये जातात, मग पीक काढणी, मग बैठक, मग समोरचा म्हणतो दिवाळीनंतर देतो, आणि दिवाळी झाल्यावर लक्षात येतं की पैसेही आले नाहीत आणि मुदतही गेली. दावा जिथं अपघात झाला तिथंच करावा लागतो असंही नाही, आपण राहतो तिथल्या कोर्टात करता येतो. सुरतेला कामाला गेलेल्या आपल्या पोरांना तिकडं अपघात झाला तर हे कामाला येतं.

अजून एक फसवा दरवाजा आहे. कलम १६४ खाली चूक कोणाची हे न बघता ठरलेली रक्कम मिळते, मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. लवकर मिळते म्हणून मोह होतो. पण ती स्वीकारली की कलम १६६ खालचा, समोरच्याची चूक दाखवून मागायचा मोठा दावा संपतो. किरकोळ फ्रॅक्चर असेल तर ठीक आहे, अडीच लाख घ्या आणि मोकळे व्हा. कायमचा पाय अधू झाला असेल तर आधी हिशोब करून बघा.

हिशोब कसा होतो हे मला अकाउंटवाला म्हणून भारी आवडलं. धरा, माणूस ४५ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिन्याला १२ हजार. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणं ४० ते ५० वयाच्या स्वतःचं काम करणाऱ्याला पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवायचे, झाले १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार. मग सरला वर्मा निकालातला २००९ चा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणं कितीनं गुणायचं तो आकडा, ४१ ते ४५ वयाला १४. झाले २५ लाख २० हजार. त्यात कमाईची क्षमता ३० टक्के गेली असेल तर ७ लाख ५६ हजार. ह्यात दवाखान्याची बिलं, घरी बसलेल्या महिन्यांची कमाई, वेदना, पुढची ऑपरेशनं हे वेगळं, आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याज वेगळं. हे मी मामीला वहीवर मांडून दाखवलं. ती साठ हजार आणि हा आकडा आळीपाळीनं बघत राहिली.

ह्यात डॉक्टरचे टक्के आणि कोर्टाचे टक्के हा फरक महत्त्वाचा. डॉक्टर म्हणतो पायाला ४० टक्के अपंगत्व. पण कमाई किती गेली हे कामावर ठरतं. २०११ च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार निकालात कोर्टानं उदाहरणच दिलंय, हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं जवळजवळ सगळंच गेलं, सरकारी क्लार्कची नोकरी कदाचित तशीच राहील. मामाला आता सायकलवर टांग टाकता येत नाही, चाळीस लिटर दूध घेऊन तर नाहीच. म्हणजे वकिलाला फक्त सर्टिफिकेट जोडून चालत नाही, हा माणूस रोज काय काम करायचा ते कोर्टाला दिसलं पाहिजे.

आणि १२ हजार महिना कशावरून? इथं आमच्याकडच्या माणसाची खरी पंचाईत होते, कारण सगळा व्यवहार रोख, आयटीआर नाही, पासबुकात फक्त पीएम किसानचे दोन हजार. काहीच नसेल तर कोर्ट किमान वेतन धरून अंदाज करतं. मामाच्या नशिबानं डेअरीचं दुधाचं कार्ड होतं, दहा-दहा दिवसांचं लिटर, फॅट, रक्कम सगळं पेननं लिहिलेलं, मामीनं ते देवघराच्या फळीवर रबर लावून ठेवलेलं. मी तीन वर्षांची कार्डं एक्सेलमध्ये चढवली. मजुरी करणाऱ्यांनी मुकादमाचं लिहून घ्यावं, रिक्षात भाजी विकणाऱ्यांनी बाजार समितीच्या पावत्या ठेवाव्यात. हे अपघाताच्या आधी कोण करतं म्हणा.

कारवाला पळून गेला आणि नंबरच नाही मिळाला तर काय, हे लोक विचारतात. तेव्हा हिट अँड रनची योजना आहे, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडं. रक्कम तोकडी आहे. पण आमच्या तालुक्यात कितीतरी घरांना तीही माहीत नाही. मे २०२५ पासून पहिल्या सात दिवसांच्या उपचाराला दीड लाखापर्यंत कॅशलेसची केंद्राची योजनापण निघालीय, मामाच्या वेळी नव्हती.

दावा दाखल झाल्यावर तात्यांनी लोकअदालतीचं सुचवलं, तिथं मिटवा म्हणाले, आणि ह्या वेळी मला ते पटलं, कारण आता समोर विमा कंपनी होती आणि हातात कागद होते. कंपनीनं दिलेला आकडा मात्र वकीलबाईंना कमी वाटला. लोकअदालतीत एकदा सही झाली की अपील नाही, म्हणून त्या थांबल्या. कंपन्या लोकअदालतीत येतातच मुळी कमी करून घ्यायला. तरीपण ज्याच्या घरी पोरीचं लग्न ठरलंय त्यानं पाच वर्षं थांबण्यापेक्षा घ्यावं, ह्यात मला काही कमीपणा वाटत नाही. साठ हजारात आंधळेपणानं मिटवणं आणि आपला हिशोब माहीत असून थोडं सोडणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मागच्या तारखेला मामाची उलटतपासणी झाली. विमा कंपनीच्या वकिलांनी शांतपणे एकेक विचारलं, सायकलला रिफ्लेक्टर होता का, उजेड किती होता, तुम्ही किटल्यांच्या वजनानं डोलत होतात का, आणि दवाखान्यात स्लिप होऊन पडलो असं तुम्हीच सांगितलं ना. मामा म्हणाला मी बेशुद्ध होतो, सांगणार कसं. मग ते म्हणाले सायकलचे ब्रेक लागत नव्हते असं माझं म्हणणं आहे. मामाची मराठी संपली आणि अहिराणी सुरू झाली, "सायेब, ब्रेक नही लागतात ते एवढा वरीस दूध डेअरीवर कसं पोचतं?" जजसाहेबांनी ते मराठीत करून स्टेनोला सांगितलं. बाहेर आल्यावर तो पोरगा उभाच होता, त्यालाही समन्स होतं, त्यानं मामाला हात धरून पायऱ्या उतरवलं आणि दोघं वडापाव खायला गेले. वकीलबाई मला म्हणाल्या आता अपंगत्वाचं सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष तेवढी राहिलीय, त्यांना समन्स काढावं लागेल, आणि ऑपरेशनच्या बिलांपैकी दोन ओरिजिनल सापडत नाहीयेत ती मामीला आठवणीनं शोधायला सांगा.